शांतताकाकांची झडप

ग्रंथालयात त्यांना सगळे शांतताकाका म्हणत, आणि तेही पाठीमागे, कारण समोर काही म्हणायची सोयच नव्हती. वाचनकक्षात कुणी खोकलं की ते चष्म्याच्या वरून बघत. पुन्हा खोकलं की बघतच राहत. त्याउपर खोकायची छाती कुणाला झाली नव्हती; बिचारी माणसं उठून जिन्यात जात आणि मनसोक्त खोकून परत येत.

घरीही कारभार तोच. आनंद झाला की ते "बरं" म्हणत आणि राग आला की "बरं बरं". लेक परीक्षेत पहिली आली तेव्हाही बरं, आणि स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा गॅसच्या शेगडीवर कोसळला तेव्हाही बरं. बायकोचा, म्हणजे काकूंचा, सगळा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेला. कानाला यंत्र लावून दिवसभर माणसांची माणसांशी गाठ घालून द्यायची, हे त्यांचं काम. पलीकडचा माणूस नुसतं "हॅलो" म्हणाला तरी तो भांडून आलाय की जेवून आलाय ते आपल्याला कळतं, असं त्या सांगत, आणि ते खरंही असावं. घरातल्या माणसापुढे मात्र ही विद्या चालत नसे. "सगळ्या गावाच्या लायनी मी लावल्या," त्या धाकट्या भावाला म्हणायच्या, "घरची तेवढी एक कायम एंगेज."

असं चाललेलं असताना काका शिडीवर थांबायला लागले. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला चढायचे आणि मधल्या पायरीवर टेकायचे. एकदा तर बराच वेळ तिथेच बसून राहिले. खाली उभ्या वाचकाला वाटलं, काका पुस्तक चाळत बसलेत. तोही अदबीनं वाट बघत राहिला. शेवटी काकांच्या हातातलं पुस्तक सुटून त्याच्या पायावर पडलं, तेव्हा कुठे त्याला संशय आला.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदयातून रक्त बाहेर पडतं त्या दारावरची झडप कडक झाली आहे. बिजागरी गंजलेल्या दारासारखी, अर्धवटच उघडते. ती काढून नवी बसवायला हवी. काका म्हणाले, "बरं."

छाती उघडून, झडप बदलून, छाती परत शिवून झाली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "ही यंत्राची झडप आहे, तुमच्या पश्चातही चालेल. रक्त पातळ ठेवायची गोळी मात्र रोज घ्यायची, न चुकता, कायमची. आणि हो, थोडा आवाज येईल."

थोडा म्हणजे किती, हे विचारायचं दोघांच्याही मनात आलं नाही.

घरी आल्यावरचे सुरुवातीचे दिवस दुखण्याखुपण्यात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांत गेले. मग एका दुपारी घर रिकामं झालं. काका आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते, काकू शेजारी मटार सोलत बसल्या होत्या. थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली.

"कुठलं घड्याळ वाजतंय हो?"

काकांनी डोळे आणखी घट्ट मिटले. काकू उठल्या, भिंतीवरचं घड्याळ काढून कानाला लावून आल्या. ते मुकं होतं. मोरीतला नळ बघून आल्या. तो कोरडा होता. परत येऊन बसल्या तर आवाज आहेच. टक्, टक्, टक्.

"अहो, जागे आहात ना?"

"हं."

आवाज जरा भरभर यायला लागला. काकूंनी मटाराचं ताट खाली ठेवलं, वाकल्या, आणि काकांच्या सदऱ्याच्या बटणापाशी कान नेला.

"अगं बाई. हे तुम्ही वाजताय."

"थोडा आवाज येईल असं डॉक्टर म्हणाले होते," काका म्हणाले. चेहरा कोराच. पण आतली टकटक पळत सुटली होती.

काकूंनी खुर्ची ओढली आणि नवऱ्यासमोर मांडी ठोकून बसल्या. त्यांचे डोळे चमकत होते.

"लाज वाटतेय ना?"

"छे."

टक्टक्टक्टक्.

"वाटतेय. लाइन लागली बघा एकदाची." आणि मग अगदी सहज, मटाराची शेंग फोडत, "तुमच्या थोरल्या बहिणीचा फोन होता. राहायला येते म्हणतात. चांगल्या महिनाभर."

"येऊ दे की."

"ऐकलं."

"काय ऐकलं?"

"त्या आलेल्या तुम्हाला नको आहेत."

"मी म्हटलं, येऊ दे."

"ते तुम्ही म्हटलंत. आतला माणूस काय म्हणाला ते मी ऐकलं."

थोरली बहीण अर्थातच येणार नव्हती. पण इतक्या वर्षांनी हाताला लागलेलं खेळणं काकू इतक्यात खाली ठेवणार नव्हत्या. पुढचे काही दिवस त्यांनी नवऱ्यावर प्रयोगच लावले. भोपळ्याची भाजी म्हटल्यावर टकटक तशीच राहते आणि कारलं म्हटल्यावर चढते, म्हणजे आजवर मिटक्या मारत खाल्लेलं कारलं हा शुद्ध सोशिकपणा होता, हे त्यांना कळलं. लेकीचा फोन येऊन गेला की बराच वेळ टकटक खाली येत नाही, हेही कळलं. एकदा त्या बाहेर जायला तयार होऊन खोलीत आल्या आणि "कशी दिसते?" म्हणून उभ्या राहिल्या. काका वर्तमानपत्रातून डोकं न काढता "बरं" म्हणाले. काकू क्षणभर कान देऊन उभ्या राहिल्या, मग पदर सारखा करत निघून गेल्या. त्या दिवसापासून भाजी आणायलाही त्या अंमळ नटूनच जायला लागल्या.

रविवारी काकूंचा भाऊ पत्ते खेळायला येई. खेळ नेहमीचा, थापा मारायचा: पत्ते पालथे टाकायचे, काय टाकलं ते तोंडानं सांगायचं, आणि समोरच्यानं खरं की खोटं ते ओळखायचं. या खेळात काकांना आजवर कुणी हरवलं नव्हतं. दगडाच्या चेहऱ्यावर काय वाचणार?

"तीन राजे," काकांनी पत्ते टाकले.

मेहुण्यानं डोकं जरा तिरकं केलं. "खोटं."

एक सत्ती, एक दुर्री आणि एक गुलाम निघाला.

डावामागून डाव असंच झालं. "भाऊजी," मेहुणा म्हणाला, "मी वर्षानुवर्षं तुमच्या तोंडाकडे बघत बसलो. जरा खाली बघायला हवं होतं." काकांनी मग शेजारची उशी छातीशी धरली. तरीही हरले, कारण उशी ते थाप मारतानाच धरायचे.

घरात हे सगळं खपून गेलं. खरी पंचाईत ग्रंथालयात झाली.

काका कामावर रुजू झाले तेव्हा सगळ्यांनी, अर्थात दबक्या आवाजात, त्यांची विचारपूस केली. मग वाचनकक्ष नेहमीसारखा गप्प झाला. आणि त्या गप्पपणात, जो काकांनी स्वतःच्या नजरेनं इतकी वर्षं घासूनपुसून लख्ख ठेवला होता, टक् टक् सुरू झालं. एकानं मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. दुसऱ्यानं टेबलाखाली वाकून बघितलं. हळूहळू एकेक मान वळत गेली आणि सगळ्या नजरा काकांच्या टेबलावर येऊन थांबल्या. काका मान खाली घालून शिक्के मारत होते. टकटक शिक्क्यांच्याही पुढे धावत होती.

कुणी काही बोललं नसतं. पण तिथे रोज येणारे एक निवृत्त मोजणीदार होते. आयुष्यभर जमिनी मोजल्यामुळे कुणाचं काय कुणाच्या हद्दीत शिरतंय हे त्यांना लगेच दिसे. ते चपला न वाजवता टेबलापाशी आले आणि अत्यंत नम्रपणे कुजबुजले, "ग्रंथपालसाहेब, वाचनकक्षात आवाज होतोय. तक्रार तुमच्याकडेच करायची असते ना?"

"हो," काका म्हणाले. "बघतो मी."

त्यांनी बघितलं ते असं, की त्याच दुपारी आपलं टेबल उचलवून मागच्या कोठारात नेलं. तिथे जुन्या, कुणी न मागणाऱ्या पुस्तकांच्या भिंती होत्या आणि एक उंच खिडकी. पुस्तकांत आवाज मुरतो. काका दिवसभर तिथे एकटे बसत; समोरचं काम सहायक बाई बघत.

काकूंना हे बऱ्याच दिवसांनी कळलं, तेही सहायक बाईंकडून. त्यांनी घरी येऊन आधी खूप हसून घेतलं. "जन्मभर लोकांना गप्प केलंत. आता स्वतःलाच कोपऱ्यात उभं केलंत होय?" पण काका हसले नाहीत, आणि टकटकही चढली नाही. ती संथ, एकसुरी चालू राहिली. काकूंना ते काही आवडलं नाही.

मग हृदयाच्या सोनोग्राफीची तारीख आली. तपासणीची खोली लहान आणि अंधारी होती. तपासणाऱ्या ताईंनी केसांत पेन खोचलेलं होतं. त्यांनी काकूंना बाहेर थांबायला सांगितलं. काकूंनी मान हलवली आणि आत येऊन स्टुलावर बसल्या.

"काका, डाव्या कुशीवर व्हा. जरा गार लागेल." ताईंनी छातीवर जेल लावून यंत्राचं टोक टेकवलं. पडद्यावर करड्या रंगाचं काहीतरी उघडमीट करायला लागलं.

"याचा आवाज थोडा कमी करता येईल का?" काकांनी विचारलं.

"यंत्राचा?"

"माझा."

ताई हसल्या नाहीत, त्याबद्दल काकांना त्या आवडल्या. त्यांनी पडदा काकांकडे वळवला. "आधी काय चाललंय ते तर बघा. हे वरचे दोन कप्पे, हे खालचे दोन. मधे ही भिंत. उजव्या बाजूला शरीरभर फिरून दमलेलं रक्त येतं. तिथून ते फुप्फुसात जातं, ताजं होतं आणि डाव्या बाजूला येतं. डावी बाजू ते परत सगळीकडे धाडते. दोन्ही बाजूंचं काम एकाच वेळी चालतं."

"एका भिंतीला दोन बिऱ्हाडं," काकू म्हणाल्या.

"तसंच. आता बघा, सगळं सैल आहे. वरच्या कप्प्यांतून खालच्यात रक्त आपसूक उतरतंय, मधली दारं उघडी आहेत. बरंचसं असंच भरतं. शेवटी वरचे कप्पे हलकेच आवळतात आणि उरलंसुरलं खाली लोटतात. पोतं भरत आल्यावर वरून दाबतात ना, तसं. मग खालचे आवळतात, आणि ते जोरात. रक्त आल्या वाटेनं परत वर जायला बघतं, पण मधली दारं फटकन लागतात. तो पहिला ठोका. आता मागे जायची सोय राहिली नाही. म्हणून ते बाहेरच्या दारावर रेटा देतं, दार उघडतं आणि रक्त बाहेर पडतं."

"उघडताना आवाज येत नाही?" काकूंनी विचारलं.

"नाही म्हटलं तरी चालेल. नंतर खालचे कप्पे सैल पडतात. बाहेर गेलेलं रक्त मागे फिरायला बघतं, तोच बाहेरची दारं लागतात. तो दुसरा ठोका. काकांचं डावीकडचं बाहेरचं दार नवं आहे, म्हणून तो टक्."

"म्हणजे उघडायचं गुपचूप आणि लावताना आदळआपट. आमच्या घरी ते खातं माझ्याकडे आहे."

"काकू, त्यांना हसवू नका. चित्र हलतं."

आणि काका खरोखरच हसत होते, अगदी ओठांच्या कोपऱ्यातून. त्यांना पडद्यावरून नजर हलवता येईना. आतला तो मांसाचा गोळा नुसता दाबला जात नव्हता. ओलं फडकं पिळावं तसा स्वतःभोवती थोडा वळत होता, सुटत होता, पुन्हा भरत होता. इतकी वर्षं हे आपल्या आत कुणाच्याही सांगण्यावाचून चाललं होतं.

"सगळं रक्त बाहेर जातं?" त्यांनी विचारलं. काकूंनी चमकून बघितलं; काकांनी आपण होऊन दुसरा प्रश्न विचारला होता.

"नाही. अर्ध्याहून थोडं जास्त जातं. बाकीचं आत शिल्लक राहतं."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "ग्रंथालयातली सगळी पुस्तकं एकदम बाहेर गेलेली चालत नाहीत."

"आणि गंमत बघा, सगळ्या शरीराला रक्त देणारं हे हृदय स्वतःला पुरवठा करून घेतं तो मुख्यतः सैल असताना. बाहेरचं दार लागलं की दाराच्या अगदी पलीकडून त्याच्या स्वतःच्या नळ्या भरतात."

"सगळ्यांना वाढून झालं की मग आपलं पान," काकू म्हणाल्या. "बाईमाणूसच आहे ते."

ताईंनी टोक पुसून ठेवलं. "तेव्हा काका, आवाज कमी करायचा नाही. तो असा खणखणीत आहे म्हणजे दार नीट लागतंय. उलट तो कधी मऊ झाला, बदलला, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. तडक इथे या. गोळी चालू आहे ना?"

"हं," काका म्हणाले. ते अजून पडद्याकडेच बघत होते, जरी पडदा आता रिकामा होता. ताईंचं शेवटचं बोलणं ऐकलं ते काकूंनी.

हृदयाबद्दलचं कुतूहल वाढलं तरी काका कोठारातून बाहेर काही आले नाहीत. शिवाय आता नवीनच भानगड झाली होती. रक्त पातळ झाल्यामुळे पुस्तकाचा कोपरा दंडाला नुसता घासला तरी जांभळा डाग उठे. दात घासताना रक्त येई. दुसऱ्या कुणी डॉक्टरांना विचारलं असतं, निदान बायकोला सांगितलं असतं. काकांचा नियम असा, की विचारलं तर सांगावं. आणि हिरड्यांबद्दल कुणी विचारलं नाही. त्यांनी आपल्यापुरता शहाणपणा केला. गोळी एक दिवसाआड घ्यायला लागले. डाग कमी झाले. झालं, प्रश्न मिटला.

त्याच सुमारास काकूंच्या भावजयीचा हात मोडला आणि काकू मदतीला भावाकडे गेल्या. रोज संध्याकाळी फोन करत.

"जेवलात?"

"हं."

"गोळी?"

"हं."

"फोन जरा छातीला लावा बघू."

"वेडी आहेस का? लोक आहेत इथे."

लोक नव्हते. कोठारात काका आणि वाळवी, दोघंच होते. पण फोन छातीला लावणं काकांच्या स्वभावात बसणारं नव्हतं.

एके दिवशी मोजणीदार पुस्तक शोधत कोठारात शिरले. थोडा वेळ फळ्या धुंडाळून झाल्यावर ते थबकले आणि त्यांनी कान टवकारले. मग भला मोठा हसरा चेहरा करून म्हणाले, "दुरुस्त करून घेतलंत वाटतं. अभिनंदन. आता ऐकूच येत नाही म्हणा ना."

काकांनी स्वतःशी लक्ष देऊन ऐकलं. खरंच, टक् गेलं होतं. त्याच्या जागी काहीतरी मऊ, लांबून आल्यासारखं वाजत होतं. सवय झाली शरीराला, काकांना वाटलं. जिना चढताना पुन्हा दम लागत होता खरा, पण काकू नव्हत्या, जेवणाची आबाळ होती. त्याचं ते असणार. घरी जाताना ते मनातल्या मनात शीळ घालत होते.

काकू परत आल्या त्या दुपारी. घंटा वाजली, काकांनी दार उघडलं. "आलीस? बरं झालं," ते म्हणाले. त्यांच्या मानानं हे भाषणच होतं. काकूंच्या खांद्यावर पिशवी होती, पायात चपला होत्या, तोंडात भावजयीच्या हाताची सगळी हकिगत तयार होती. त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"काय झालं?"

"बोलू नका."

त्यांनी पिशवीसकट पुढे होऊन नवऱ्याच्या छातीला कान लावला. जिन्यावरून उतरणाऱ्या शेजाऱ्यानं हे बघितलं आणि सभ्यपणे भिंतीकडे बघत पुढे गेला.

"कमी झालाय ना?" काकांच्या आवाजात अभिमान होता. "लोकही म्हणतायत."

"दम लागतो?"

"जिन्यावर. थोडासा."

"गोळी?"

"घेतो की."

काकू ऐकत राहिल्या. एरवी अशा उत्तरानंतर आतून खरंखोटं कळलं असतं. आज आतून काहीच नीट येत नव्हतं. त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. "रोज?"

काकांनी चष्मा पुसायला काढला. मग म्हणाले, "एक दिवस आड."

काकूंनी पिशवी आत ढकलली, दार ओढून घेतलं आणि नवऱ्याचा हात धरून जिना उतरायला लागल्या, एकेका पायरीवर थांबत. टॅक्सीत त्यांनी काका कुठे बसले आहेत हेसुद्धा बघितलं नाही. रस्ताभर एक शब्द नाही. टोमणा नाही, चौकशी नाही. आता ओरडेल, मग ओरडेल, म्हणून काका वाट बघत होते. शेवटी त्यांनाच राहवलं नाही. "तुझ्या भावजयीचा हात कसा आहे?"

"मोडलाय," काकू म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

रुग्णालयात त्याच पेनवाल्या ताई होत्या. त्यांनी छातीला नळीचं यंत्र लावलं, मान हलवली आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. यंत्रावर झडपेची हलती छायाचित्रं निघाली. झडपेला दोन पाकळ्या होत्या, खिडकीच्या दोन तावदानांसारख्या. एक नीट उघडमीट करत होती. दुसरी जागच्या जागी थरथरत होती. तिच्या बिजागरीशी रक्ताची गुठळी धरली होती.

"वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले. "दोन पाकळ्यांपैकी एकच चालू आहे. तीही अडकली असती तर सांगता आलं नसतं. शिरेतून औषध देऊन गुठळी विरघळते का बघू. नाहीतर छाती पुन्हा उघडावी लागेल."

काका "बरं" म्हणायला गेले आणि त्यांच्या तोंडून शब्दच फुटला नाही.

पलंगाशेजारी औषध थेंबाथेंबानं उतरत होतं. काकू स्टुलावर बसून होत्या. बऱ्याच वेळानं त्या बोलल्या, आणि त्यांचा आवाज एक्स्चेंजमधल्यासारखा सपाट होता.

"तुम्ही मला काही सांगत नाही, त्याची मला सवय झाली. कारलं आवडत नाही हे सांगितलं नाहीत, चाललं. पण हे नाही चालणार. मला इथे बसून अंदाज बांधायचे नाहीत."

काका छताकडे बघत होते. "डाग पडत होते अंगावर," ते म्हणाले. "हिरड्यांतून रक्त यायचं. म्हटलं, तू आधीच माझ्या दुखण्यात दमलीस. आणि तो आवाज. मला तो नकोच होता. लोक बघतात. तू हसतेस ते मला चालतं. आवडतंही, खरं म्हणजे. पण तिथे सगळे माना वळवतात, तेव्हा वाटतं, आपण उघडे पडलो. कमी झाला तेव्हा इतकं बरं वाटलं मला, की बाकीचं काही बघितलंच नाही. आणि शिडीवरचंही मी तुला सांगितलं नव्हतं, दम लागायचा ते. खूप आधीपासून लागत होता."

लग्न झाल्यापासून काका एका दमात इतकी वाक्यं बोलले नव्हते. काकूंना हसायचं होतं, पण डोळ्यांनी भलतंच केलं. त्यांनी पदरानं नाक पुसलं.

"कारलं खरंच नाही आवडत?"

"अजिबात नाही."

"मग बंद."

औषध उतरत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन खिडकीतून पलंगाच्या पायथ्याशी आलं होतं. काकू स्टुलावर बसल्या बसल्या, डोकं गादीच्या कडेला टेकून झोपल्या होत्या. काका पडून राहिले होते, आणि कान देऊन होते. आधी वाटलं, भास असेल. मग पुन्हा आलं. झोपलेल्या माणसाला त्यांनी आयुष्यात कधी हाक मारली नव्हती, तो त्यांच्या लेखी गुन्हाच होता. त्यांनी काकूंचा खांदा धरून गदागदा हलवलं.

"अगं, ऊठ. ऐक."

काकू दचकून उठल्या. टक्. जरा दबकं होतं, मधे एखादं मऊ जात होतं, पण पुन्हा टक्.

"तुम्ही वाजताय," त्या म्हणाल्या.

"वाजतोय," काका म्हणाले.

गुठळी पूर्ण विरघळायला आणखी काही दिवस लागले, पण छाती उघडायची वेळ आली नाही. गोळ्यांचा हिशेब डॉक्टरांनी नव्यानं बसवून दिला, रक्ताच्या तपासण्या जवळ-जवळ ठेवल्या, आणि डाग पडले तर दाखवायला या, स्वतः डॉक्टर होऊ नका, असं काकांना सुनावलं. घरी आल्यावर काका रोज जेवणानंतर गोळी घेत आणि जीभ बाहेर काढून दाखवत. काकू ती लहान मुलाची तपासावी तशी तपासत.

ग्रंथालयात परतले त्या दिवशी काका सवयीनं कोठाराकडे वळले. तिथे टेबल नव्हतं. ते वाचनकक्षात जुन्या जागी होतं, आणि मोजणीदार त्याचा डुगडुगता पाय सरळ करण्यासाठी खाली पुठ्ठा सारत होते.

"काय झालं होतं ते सहायक बाईंनी सांगितलं," ते उठून म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "मी अभिनंदन केलं होतं तुमचं. त्याबद्दल मला झोप लागलेली नाही."

"तुम्हाला काय माहीत," काका म्हणाले. "मलाच माहीत नव्हतं."

"नाही, पण तुम्ही इथेच बसा. माझा स्वार्थ आहे त्यात." मोजणीदारांनी आवाज आणखी खाली आणला. "पूर्वी तुम्ही केव्हा मागे येऊन उभे राहाल याचा नेम नसायचा. आता मांजराच्या गळ्यात घंटा आहे. आवाज लांब गेला की आम्हाला निवांत खोकता येतं."

काकांनी चष्म्याच्या वरून त्यांच्याकडे बघितलं. मोजणीदारांनी घाईनं पुस्तक उघडलं. शेजारच्या टेबलावरच्या आजी, ज्या वाचायला म्हणून येत आणि पेंगत, त्या काका खुर्चीत बसल्यावर पाचव्या-सहाव्या टकटकीला नेहमीपेक्षा गाढ झोपल्या. त्यांना तर ते फारच मानवलं.

त्या संध्याकाळी काका घरी आले तेव्हा काकू गच्चीवर वाळलेले कपडे काढत होत्या. काका वर चढून आले, सावकाश, मधे थांबून, आणि कपड्यांच्या दोरीला धरून उभे राहिले.

"दम लागला?" काकूंनी विचारलं.

"लागला. थोडा. सांगितलं बघ." मग जरा घुटमळून ते म्हणाले, "एक विचारायचं होतं."

"विचारा."

"माझं तू रोज ऐकतेस. तुझं कसं चालतं, ते मी कधी ऐकलं नाही."

काकूंच्या हातातली चादर तशीच राहिली. "भलतंच काहीतरी. समोरच्या गच्चीवर माणसं आहेत."

"असू देत."

"आणि माझं काही वाजत नाही तुमच्यासारखं. कान टेकवून ऐकावं लागेल."

"मग टेकवतो."

काकूंनी इकडेतिकडे बघितलं, चादर दोघांच्या आणि समोरच्या गच्चीच्या मधे धरली आणि म्हणाल्या, "लवकर आटपा." काका वाकले. चष्मा आडवा आला, तो त्यांनी काढून हातात धरला. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. वाऱ्यानं चादर फुगत होती आणि काकूंचे हात भरून आले.

"अहो, काय ऐकू येतंय?"

"बडबड," काका म्हणाले. "अखंड बडबड." आणि कान काढला नाही.